संमेलनांचं दप्तर आणि सिस्टीमची किल्ली, एकाच डिस्कमध्ये

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडची हद्द जिथून जवळ पडते, अशा एका गावातलं हे प्रकरण. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. मी शहरात संगणक दुरुस्तीचं काम करतो. यातली डिस्क मधल्या टप्प्यावर माझ्या टेबलावर आली आणि नंतर येतच राहिली.

या भागात हिवाळ्यात ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा ही नावं पेपरात ठळक येतात. ज्यांची बातमी दोन ओळींत आटोपते अशीही गावं आहेत, त्यातलंच हे एक. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, जेवण, दुपारी कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. सगळं आयोजन गावच्या वाचनालयाचं. कार्यवाह निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. पुस्तकांची देवघेव बघणाऱ्या बाई साऱ्या गावाच्या अक्का.

अकरा संमेलनांचं दप्तर एका पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये होतं. 1 टीबी, अडीच इंची, खिशात मावणारी. तिच्यात व्हिडिओ, फोटो, निमंत्रणपत्रिका, अध्यक्षीय भाषणं आणि स्मरणिकांच्या पेजमेकर (पानं मांडायचा जुना प्रोग्राम) फायली, त्याही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. सगळं मिळून साडेसहाशे जीबीच्या आसपास. शूटिंगवाला दरवर्षी व्हिडिओ डिस्कवर उतरवून द्यायचा आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला निघायचा. म्हणजे मूळ म्हणावं असं दुसरीकडं काही नव्हतं. हे गुरुजींना माहीत होतं, अक्कांना माहीत होतं, पण अडचण म्हणून कुणी कधी त्याकडं पाहिलं नव्हतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपणार हे आधीच जाहीर झालं होतं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळं अनेक कार्यालयांनी चांगल्या चालणाऱ्या सिस्टीम आधीपासूनच निकालात काढायला घेतल्या होत्या. पुण्यात नोकरीला असलेल्या गावातल्या पोरांनी अशाच दोन सिस्टीम मिळवून उन्हाळ्यात गावी पाठवल्या. चौथ्या पिढीचे आय3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, अवस्था उत्तम. फक्त आतल्या हार्ड डिस्का काढून घेतलेल्या. कंपनीचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून तसं करतात, त्यात गैर काही नाही.

अडचण

एक सिस्टीम वाचनालयात ठेवायची, दुसरी समाज मंदिरातल्या अभ्यासिकेत. तिथं पोलीस भरती, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) वगैरे परीक्षांची पोरं बसतात. शिवाय वाचनालयाचा स्वतःचा एक जुना कोअर टू ड्युओ होता, 2009 च्या सुमाराचा, त्याची डिस्क केव्हाच उडालेली. तीन सिस्टीम, आणि आत डिस्क एकीतही नाही.

पैशांची अडचण होतीच, पण कार्यकारिणीच्या बैठकीत जास्त वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीवर. मागं अभ्यासिकेत टीव्ही ठेवला होता, तेव्हा रात्री अकरानंतर क्रिकेट चालायचं आणि अभ्यासाला येणारी पोरं घरी जायची. आता संगणक ठेवला की गेमचा अड्डा होणार, असं दोघातिघांचं म्हणणं. खोलीची किल्ली चार जणांकडं असते, ती कमी करता येत नव्हती.

बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेला गावातला एक मुलगा या बैठकीला होता. त्यानं सुचवलं की सिस्टीममध्ये डिस्क बसवायचीच नाही. बाहेरच्या डिस्कवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं, सिस्टीम तिच्यावरून बूट, म्हणजे चालू, करायची आणि काम झालं की डिस्क अक्कांच्या कपाटात. डिस्क नाही तर सिस्टीम चालू होणार नाही. हे सगळ्यांना एकदम पटलं. खर्च नाही, वर कुलूपही मिळतं.

तोडगा हुशारीचा होता यात शंका नाही. पुढं जे झालं त्यामुळं त्याला वेड्यात काढणं सोपं आहे, पण त्या बैठकीत मी असतो तर मलाही आवडला असता.

पर्याय कसे तोलले

विंडोज बाहेरच्या डिस्कवर टाकायचा विचार लगेच मागं पडला. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबीला लावलेल्या डिस्कवर बसायला नकार देतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची विंडोज टू गो नावाची सोय होती, ती 2020 मधल्या आवृत्तीपासून काढून टाकली. आडवाटा आहेत, पण लायसन्सचा प्रश्न उरतोच, आणि संस्थेच्या सिस्टीमवर गुरुजींना तसलं काही नको होतं.

पेन ड्राइव्हवर लिनक्स ठेवणं स्वस्त होतं. साध्या पेन ड्राइव्हवर सतत लिहिणं चालू राहिलं की ती रखडते आणि लवकर मरते, हे मुलानं कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलेलं होतं. तो पर्यायही बाजूला पडला.

प्रत्येक सिस्टीममध्ये 240 जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) बसवणं हा सरळ मार्ग. त्या वेळच्या दरानं एकेक दोन हजारांच्या आतबाहेर. पण मग रात्रीच्या गेमचं काय, हा प्रश्न पुन्हा वर आला आणि पर्याय तिथंच संपला. बायोसला, म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामला, पासवर्ड लावता येतो, चालू करतानाच तो मागितला जातो, हे त्या बैठकीत कुणी बोललं नाही. मुलाला ते ठाऊक होतं. नंतर विचारलं तर म्हणाला, "सुचलंच नाही सर, सगळे डिस्कबद्दल बोलत होते."

राहिले दोन: बूट करायला वेगळी बाहेरची डिस्क विकत घ्यायची, किंवा आहे त्याच डिस्कमध्ये जागा करायची. साडेतीनशे जीबी मोकळे होते, लिनक्सला पन्नास पुरतात. गुरुजी म्हणाले, "दोन-दोन वस्तू कशाला? एकच नीट जपूया." एका वाक्यात निर्णय झाला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी वळणाची जागा हीच. वाक्य चुकीचं नाही. पुस्तकं सांभाळणारा माणूस असंच बोलणार. पण जपायची वस्तू कपाटात राहते आणि बूट करायची वस्तू रोज हातात येते, दोनदा लावली-काढली जाते, टेबलाच्या कडेला लोंबते. दोन्ही कामं एकाच वस्तूला दिली की तिला वागणूक दुसऱ्या कामाचीच मिळते.

पहिली कृती: बहिणीच्या लॅपटॉपवर

मुलानं काम बहिणीच्या लॅपटॉपवर करायचं ठरवलं. कारण चांगलं होतं. जून लागला होता, करंट दिवसातून चारदा जात होता, आणि भरलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) लहान करताना मध्येच वीज गेली तर आतला डेटा जाऊ शकतो. लॅपटॉपला बॅटरी असते. लहान करण्याआधी त्यानं लॅपटॉपवर जागा होती तेवढं उतरवूनही घेतलं: स्मरणिका, भाषणं, निवडक फोटो. व्हिडिओ मावले नाहीत. ही शंभरेक जीबीची नक्कल कुणाच्या सांगण्यावरून नव्हती, त्याची त्यानं केली. पुढं तीच कामाला आली.

पार्टिशन लहान झालं, लिनक्स बसलं, लॅपटॉप डिस्कवरून चालू झाला. मुलगा खूश. संध्याकाळी डिस्क काढली आणि बहिणीनं लॅपटॉप लावला तर काळा पडदा आणि कोपऱ्यात "ग्रब" एवढाच शब्द. तिच्या इंटर्नल परीक्षा दोन दिवसांवर. "माझा लॅपटॉप घालवलास की रे!" हे शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं असावं. दुसऱ्या बाजूला वाचनालयातली सिस्टीम ती डिस्क ओळखायलाच तयार नाही. दोन्ही वस्तू घेऊन तो माझ्याकडं आला. "सर, डिस्क लावली की लॅपटॉप झकास चालतंय, खरं डिस्क काढली की काहीच येईना. आणि तिकडं सिस्टीमला लावली की सिस्टीम म्हणतीया, डिस्कच नाही."

हा गोंधळ फार जणांचा होतो, म्हणून नेमकं काय घडतं ते सांगतो.

यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या संगणकात बूट करून देणारी छोटी फाइल एका वेगळ्या लहान पार्टिशनमध्ये असते. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात, आणि ते फॅट32 असतं. लिनक्सच्या काही इन्स्टॉलरना तुम्ही बाहेरची डिस्क निवडून दिली तरी त्यांना लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर असं पार्टिशन आयतं दिसतं आणि ते ग्रब हा बूटलोडर (लिनक्स चालू करून देणारा प्रोग्राम) तिथंच ठेवतात. लिनक्स बाहेर, त्याचं दार आत. दोन्ही जोडलेलं असेपर्यंत काही कळत नाही. डिस्क काढली की लॅपटॉपमधला ग्रब बाहेरच्या डिस्कवरच्या आपल्या फायली शोधतो, त्या सापडत नाहीत, आणि काळ्या पडद्यावर थांबतो. ती डिस्क दुसऱ्या सिस्टीमला लावली तर डिस्कवर दारच नाही.

लॅपटॉपचं काही बिघडलेलं नव्हतं. बूट मेनूत विंडोजचा बूट मॅनेजर तसाच होता, फक्त क्रमात मागं गेलेला. तो वर आणला, ग्रबची नोंद काढली, झालं. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू नव्हतं. ते असतं तर असल्या बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाण्याची शक्यता असते आणि ती घरात कुणाला माहीत नसते.

डिस्कचं काम जास्त विचाराचं होतं. ती पार्टिशनांची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची होती. 2 टीबीपर्यंतच्या डिस्कला एमबीआर चालतं, पण यूईएफआयसाठी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी असा मुलाचा आग्रह. पुस्तकी उत्तर तेच. आत अकरा वर्षांचं दप्तर असताना मांडणीच बदलायचा धोका घ्यायला मी तयार नव्हतो, आणि गरजही नव्हती. एमबीआर डिस्कवरही छोटं फॅट32 ईएफआय पार्टिशन करता येतं आणि बहुतेक यूईएफआय ते वाचतात. तिथं ग्रब "काढता-घालता येणारी डिस्क" या प्रकारानं बसवला. मग बूटची फाइल एका ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावानं जाते आणि संगणकाच्या आठवणीत कुठलीही नोंद नसली तरी तो तिला तिथं शोधतो. फिरत्या डिस्कसाठी हीच रीत. जुन्या कोअर टू ड्युओला यूईएफआय नव्हतंच, साधं बायोस. त्याच्यासाठी ग्रब दुसऱ्यांदा, डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या मोकळ्या जागेत बसवला. आता एकच डिस्क तिन्ही सिस्टीमवर चालू व्हायला लागली. पुण्याहून आलेल्या दोन्हींत सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) बंद करावं लागलं, एवढंच.

संमेलनांचं पार्टिशन मुलानं आपोआप उघडेल असं ठेवलं होतं, म्हणजे अभ्यासिकेतल्या कुणालाही एका क्लिकवर सगळं पुसता आलं असतं. ते फक्त वाचता येईल असं केलं. याचा दुसरा फायदा असा की करंट अचानक गेला तरी त्या भागावर काही लिहिलं जात नसतं, त्यामुळं फाइल सिस्टीम बिघडत नाही.

डिस्क परत देताना मी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल करून ठेवायला सांगितलं. मुलानं ते गुरुजींपर्यंत पोचवलं, गुरुजींनी वहीत लिहून घेतलं, आणि खर्च संमेलनाच्या हिशेबानंतर बघू असं ठरलं. छोट्या संस्थांचं वर्ष संमेलनापासून संमेलनापर्यंत चालतं; मधल्या खर्चाला कुणी सहजासहजी हात घालत नाही.

पावसाळ्यातले महिने

पुढचे काही महिने ही व्यवस्था चालली, आणि बरी चालली. पुण्याहून आलेल्या सिस्टीमच्या मागच्या निळ्या पोर्टला, म्हणजे यूएसबी 3.0 ला लावली की लिनक्स मिनिटाभरात तयार. जुन्या सिस्टीमला फक्त यूएसबी 2.0, तिथं चार मिनिटं लागायची. तीही तक्रार पोरांनी सवयीची करून घेतली. चालू करायची आणि पेपर वाचून यायचं.

वेगाचं गणित केवळ पोर्टचं नसतं, हे इथं सांगायला हवं. यूएसबी 2.0 वर प्रत्यक्षात सेकंदाला तीसपस्तीस एमबी मिळतात, 3.0 वर अशी डिस्क शंभराच्या वर जाते. मोठा व्हिडिओ बघताना हा फरक पुरेसा असतो. पण बूट होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, आणि फिरत्या तबकडीची सुई प्रत्येक वेळी जागा बदलते. पोर्ट कितीही चांगला असला तरी डिस्कचा वेग तिथं खुंटतो. एसएसडीला ही सुईच नसते. मुलानं थोडी सुधारणा केली: स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) बंद केलं, ब्राउझरची तात्पुरती साठवण रॅममध्ये नेली, फाइल वाचल्याची वेळ दरवेळी लिहिणं थांबवलं. डिस्कची खरखर कमी झाली.

समोरच्या पोर्टला लावली की ती कधी कधी टक्-टक् करून बंद पडायची. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकते, आणि समोरचे पोर्ट आतल्या लांब वायरीवर असतात. मागं लावा, असा कागद अक्कांनी सिस्टीमवर चिकटवला. मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण अभ्यासिकेत दोन्ही शाळांची पोरं येतात. टायपिंगलाही त्यांनी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घेतला. त्यात मराठीचा "क" आणि कन्नडचा "क" एकाच बटणावर येतो, एकदा हात बसला की दोन्ही भाषा चालतात. या सगळ्या खटाटोपात पोरांच्या हाती लागलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट कदाचित हीच.

किल्लीचा उपयोग मात्र ठरवला तसा झाला नाही. डिस्क अक्कांच्या कपाटात असायची, पण अक्का सहाला घरी जातात आणि अभ्यासिका नऊपर्यंत चालते. मग डिस्क ज्याच्या त्याच्याकडं राहू लागली. दप्तरात, गाडीच्या डिकीत, एकदा रात्रभर पानपट्टीवर.

डिस्क पडली

संमेलन जानेवारीत. डिसेंबरच्या मध्यावर स्मरणिकेसाठी जुने फोटो काढायला अक्का वाचनालयातल्या सिस्टीमवर बसल्या होत्या. केबल मागच्या पोर्टातून वळून टेबलावरून पुढं आलेली. एका मुलाचा पाय अडकला आणि चालू असलेली डिस्क फरशीवर. उंची टेबलाएवढीच, पण तबकडी फिरत असताना आणि सुई तिच्यावर तरंगत असताना तेवढी पुरते.

सिस्टीम गोठली. पुन्हा चालू केली तर बूट अर्ध्यावर थांबायचं. मुलानं ती विंडोजच्या लॅपटॉपला लावली, तिथं फोल्डर दिसले, काही उघडले, काही फिरत राहिले. विंडोजनं विचारलं, डिस्क तपासून दुरुस्त करू का? मुलगा हो म्हणणार होता. अक्का म्हणाल्या, "काही करू नकोस. काढ ती, आणि उद्या शहरात ने."

अक्कांना तांत्रिक कारण माहीत नव्हतं, पण निर्णय बरोबर होता. तपासून दुरुस्त करण्याचं ते काम फाइल सिस्टीमच्या बिघाडासाठी आहे. डिस्कचा पृष्ठभागच जखमी असेल तर ते जिथं वाचता येत नाही तिथं पुन्हा पुन्हा घासत बसतं आणि सापडलेल्या तुकड्यांची आपल्या समजुतीनं मांडणी करतं. आधी जसं आहे तसं उचलून दुसरीकडं न्यायचं असतं. दुरुस्ती नंतर, त्या नकलेवर.

माझ्याकडं आल्यावर आधी स्मार्टचे आकडे पाहिले. हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची ही नोंद स्वतःच ठेवते, आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामनं ती बघता येते. वाचता न येणारे म्हणून बाजूला ठेवलेले सेक्टर होते आणि काही तासांत वाढले. डब्यातून काढून थेट साटा केबलला, म्हणजे संगणकाच्या आत डिस्क जोडायच्या केबलला, लावावी म्हटलं, तर या मॉडेलमध्ये यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या सर्किटवरच झाळलेला. पोर्टेबल डिस्कांत हे आता बऱ्याचदा दिसतं. तो रस्ता बंद.

नवी 2 टीबी डिस्क आणायला गुरुजींनी फोनवरच होकार दिला, हिशेब नंतर. डीडीरेस्क्यूनं काम सुरू केलं. हा प्रोग्राम पहिल्या फेरीत जे सहज येतं ते सगळं उचलतो आणि अडलेली जागा नकाशात नोंदवून पुढं सरकतो. मग फक्त अडलेल्या जागांवर परत येतो. मध्येच थांबवलं तरी नकाशामुळं तिथूनच पुढं चालू करता येतं. करंट जात असल्यामुळं हे महत्त्वाचं होतं. मधूनमधून डिस्क थंड होऊ दिली.

मुलगा रोज फोन करायचा. त्याचा पहिला प्रश्न असायचा की लिनक्स वेगळ्या पार्टिशनवर होतं ना, मग संमेलनांच्या भागाला का लागलं? पार्टिशन ही घरातली भिंत. छप्पर गळलं की दोन्ही खोल्या भिजतात. फक्त वाचता येईल असं ठेवल्यामुळं त्या भागाची मांडणी शाबूत होती, आणि म्हणूनच फायली नावांसकट परत मिळाल्या. तबकडीला पडलेल्या ओरखड्याला मात्र पार्टिशन कळत नाही.

निष्पत्ती

बहुतेक सगळं आलं. एका वर्षाच्या कविसंमेलनाच्या व्हिडिओत मधे मधे चित्र फुटतं. दोन स्मरणिकांच्या फायली उघडल्या नाहीत, त्या बहिणीच्या लॅपटॉपवरच्या नकलेतून मिळाल्या. एका कथाकथनाचा अर्धा भाग गेला तो गेलाच. कथाकार चंदगडकडचे, त्यांना विचारलं तर म्हणाले, तीच गोष्ट पुन्हा तशी येणार नाही, दुसरी सांगतो. ती यंदा रेकॉर्ड झाली.

संमेलनानंतरच्या बैठकीत पैसे मंजूर झाले. पुण्याच्या दोन्ही सिस्टीममध्ये एसएसडी बसवल्या आणि बायोसला पासवर्ड लावला. तो अक्का आणि अभ्यासिका बंद करणारा मुलगा, दोघांनाच माहीत. बायोसच्या बॅटरीशी खेळून तो काढता येतो हे खरं, म्हणून सिस्टीमचं झाकण मागून स्क्रूनं घट्ट केलं. रात्री गेम खेळण्यासाठी एवढा खटाटोप करणारा मुलगा गावात निघाला तर त्याला मीच कामाला ठेवीन. कोअर टू ड्युओ निवृत्त झाला. बाहेरून बूट करायची गरज उरली ती फक्त सिस्टीम अडली तर. त्यासाठी एका पेन ड्राइव्हवर लिनक्स आहे, जिच्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही.

दप्तराच्या दोन नकला झाल्या. एक कपाटात, डब्यासकट, रोजच्या वापराला बंदी. दुसरी पुण्यात, सिस्टीम पाठवणाऱ्यांपैकी एकाच्या घरी. गणपतीला तो गावी येतो तेव्हा आणि संमेलनानंतर, दोन्ही डिस्कांची अदलाबदल करून नवीन भर घालायची. जुनी डिस्क मी परत दिली. तिच्यावर मुलानं लाल शाईनं फुली मारली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बूटलोडरचा गोंधळ अगदी सोप्या वाटेनं टळला असता. मुलाच्या समोर दोन अशा सिस्टीम होत्या ज्यांच्या आत डिस्कच नव्हती. पार्टिशन लहान करण्याचं नाजूक काम बॅटरीमुळं लॅपटॉपवर केलं ते योग्यच. पण त्यानंतर इन्स्टॉलची पेन ड्राइव्ह आणि ही डिस्क घेऊन वाचनालयातल्या सिस्टीमवर लिनक्स बसवलं असतं, तर ग्रबला जायला दुसरी जागाच नव्हती. तिथं करंट गेला असता तरी बिघडलं असतं ते नवं, रिकामं पार्टिशन. पुन्हा बसवता आलं असतं. ज्यांच्याकडं अशी सिस्टीम नाही त्यांनी आतली डिस्क तात्पुरती काढून ठेवावी किंवा बायोसमधून बंद करावी.

नकलेचा खर्च पुढं ढकलणं हे मला आळसाचं वाटत नाही. कार्यकारिणीपुढं तो खर्च "डिस्क अजून एक" असा आला, आणि डिस्क तर होती. "अकरा संमेलनं एका जागी आहेत, दुसरी जागा हवी" असा ठराव मांडला असता तर हात वर झाले असते. शेवटी नवी डिस्क घेतलीच, वर दुरुस्तीचा वेळ आणि गेलेलं कथाकथन वेगळं.

आणि गेमची भीती. बैठकीत मागणी कुलपाची होती, उत्तर दिलं गेलं साठवणीच्या वस्तूनं. पासवर्डची माहिती असलेला मुलगा खोलीतच बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि तो मोठ्यांच्या मध्ये बोलला नाही. यंदापासून त्याला कार्यकारिणीत घेतलंय.

एक वाद अजून मिटलेला नाही. व्हिडिओ इंटरनेटवर चढवले तर तिसरी नकल आपोआप होते आणि गावाबाहेरच्यांनाही बघता येतं, असं मुलाचं म्हणणं. गुरुजींचा विरोध तांत्रिक नाही: कवींनी कविता मंडपात वाचल्या, जगासमोर ठेवायला दिल्या नाहीत, त्यांना न विचारता कसं चढवायचं? पुढच्या संमेलनाच्या निमंत्रणासोबत संमतीचा कागद पाठवायचं ठरलंय. जुन्या अकरा वर्षांच्या कवींचे पत्ते शोधायचं काम अक्कांकडं आहे.